पृष्ठाचा कल, दिशा आणि सौर प्रारण

एखाद्या पृष्ठावर वर्षभरात किती सूर्यप्रकाश पडतो, हे त्या पृष्ठाचा कल (क्षितिजसमांतर पातळीशी असलेला कोन) आणि दिशा (पृष्ठ ज्या बाजूस तोंड करून आहे ती बाजू) यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. सपाट गच्ची, पश्चिमेची भिंत, डोंगराचा उत्तर उतार आणि सौर पॅनेल ही सर्व एकाच गावात, एकाच आकाशाखाली असली तरी त्यांच्या वाट्याला येणारी सौर ऊर्जा भिन्न असते. हा फरक ऋतूप्रमाणे बदलतो आणि कित्येकदा उलटाही होतो. सौर ऊर्जा, वास्तुरचना, शेती, हिमशास्त्र आणि वनस्पतींचे वितरण या विषयांत या संबंधाचा अभ्यास केला जातो.

उत्तर गोलार्धात पृष्ठ दक्षिणेकडे वळवावे आणि त्याचा कल स्थानिक अक्षांशाइतका ठेवावा, असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. भूमितीच्या दृष्टीने तो योग्य आहे. मात्र वर्षातील कोणत्या महिन्यांत आकाश ढगाळ असते आणि ऊर्जा कोणत्या काळात हवी आहे, याचा विचार त्यात नाही. शिवाय उष्ण कटिबंधात सूर्य वर्षातील काही काळ उत्तरेकडे असतो, ही बाब त्यातून सहज निसटते.

आपतन कोन आणि कोसाइनचा नियम

सूर्यकिरण आणि पृष्ठावरील लंब यांमधील कोनास आपतन कोन म्हणतात. किरण पृष्ठावर लंबरूप पडले तर हा कोन शून्य असतो व प्रति चौरस मीटर मिळणारी ऊर्जा सर्वाधिक असते. किरण तिरपे झाले की तोच झोत अधिक क्षेत्रफळावर पसरतो आणि ऊर्जा आपतन कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात घटते. प्रकाशमापनाचा हा नियम योहान हाइनरिश लाम्बेर्ट यांच्या १७६० मधील ग्रंथामुळे त्यांच्या नावाने ओळखला जातो.

कोसाइन सुरुवातीस फार सावकाश घटतो. आपतन कोन १० अंश असताना थेट प्रकाशातील घट केवळ १.५ टक्के असते आणि ३० अंशांना ती सुमारे १३ टक्के होते. ६० अंशांना मात्र निम्मी ऊर्जा उरते. त्यामुळे पॅनेल बसवताना चार-पाच अंशांची चूक झाली तर फारसे बिघडत नाही. भिंत आणि छत यांच्यातील फरक मात्र प्रचंड असतो.

वातावरणाबाहेर सूर्यकिरणांना लंब असलेल्या पृष्ठावर प्रति चौरस मीटर सरासरी १३६१ वॅट इतकी शक्ती मिळते. या मूल्यास सौर स्थिरांक म्हणतात. पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्याच्या सर्वांत जवळ व जुलैच्या आरंभी सर्वांत दूर असल्याने हे मूल्य सरासरीच्या सुमारे ३.४ टक्के वर-खाली होते. ऋतू घडण्याचे कारण हे अंतर नसून पृथ्वीच्या अक्षाचा २३.४ अंशांचा कल हे आहे.

सूर्याची वार्षिक वाटचाल

विषुववृत्ताच्या पातळीपासून सूर्याच्या कोनीय अंतरास क्रांती म्हणतात. २१ जूनच्या सुमारास ती उत्तरेस २३.४ अंश, २२ डिसेंबरच्या सुमारास दक्षिणेस २३.४ अंश आणि दोन्ही संपात दिनांना शून्य असते. त्यामुळे माध्यान्हीच्या सूर्याची उंची वर्षभरात ४७ अंशांच्या पट्ट्यात सरकते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या पृष्ठासाठी माध्यान्हीचा आपतन कोन एका साध्या वजाबाकीने काढता येतो: अक्षांशातून क्रांती वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरातून पृष्ठाचा कल वजा करावा. उत्तर शून्य आले तर किरण लंबरूप पडतात. दक्षिण क्रांती या गणितात ऋण धरली जाते.

पुण्याचा अक्षांश सुमारे १८.५ अंश उत्तर आहे. डिसेंबरच्या अयनदिनी तेथे माध्यान्हीचा सूर्य दक्षिण क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, म्हणजे किरण लंबरूप पडण्यासाठी पृष्ठाला ४२ अंशांचा कल लागतो. संपात दिनी हा कल १८.५ अंश होतो. जूनच्या अयनदिनी उत्तर ऋण येते: सूर्य डोक्यावरून पाच अंश उत्तरेकडे सरकलेला असल्याने पृष्ठ पाच अंश उत्तरेकडे कलते करावे लागते. मकरवृत्त आणि कर्कवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रत्येक ठिकाणी सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात हे ‘शून्य सावलीचे दिवस’ मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास आणि जुलैच्या अखेरीस येतात. जुलैतील दिवस बहुधा ढगांआड जातो.

दिवसाच्या आरंभी व शेवटी सूर्य कोठे असतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो तो केवळ संपात दिनी. जूनच्या अयनदिनी पुण्यात तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेस उगवतो व पश्चिमेच्या तितकाच उत्तरेस मावळतो. दिवसाची लांबी डिसेंबरमध्ये सुमारे ११ तास व जूनमध्ये सुमारे १३ तास असते.

पुण्याच्या अक्षांशावरील तुलना

वातावरणाचा परिणाम बाजूला ठेवून केवळ भूमितीच्या आधारे दिवसभराची बेरीज केली असता कल व दिशा यांचा परिणाम स्पष्ट दिसतो. पुढील सर्व आकडे प्रति चौरस मीटर, प्रतिदिन किलोवॅट-तासांत आहेत. प्रत्यक्ष जमिनीवर पोहोचणारी ऊर्जा यापेक्षा बरीच कमी असते, परंतु तुलनेसाठी हे आकडे उपयुक्त ठरतात.

क्षितिजसमांतर पृष्ठावर डिसेंबरच्या अयनदिनी ७.३ आणि जूनच्या अयनदिनी १०.८ इतकी ऊर्जा पडते. तेच पृष्ठ दक्षिणेकडे १८.५ अंश कलते केले तर डिसेंबरचा आकडा ९.७ वर जातो आणि जूनचा ९.२ वर येतो. म्हणजे हिवाळ्यात सुमारे एक तृतीयांश वाढ व जूनमध्ये सुमारे १५ टक्के घट होते. अक्षांशाइतक्या कलाचा खरा गुण यातून कळतो. या कलामुळे वार्षिक बेरीज थोडीच वाढते; संपात दिनी तर फरक पाच टक्क्यांच्या आसपास असतो. परंतु वर्षभरातील चढउतार जवळजवळ नाहीसे होतात. अक्षांशाइतका कल असलेल्या दक्षिणाभिमुख पृष्ठाची पातळी पृथ्वीच्या अक्षाला समांतर असते. जयपूरच्या जंतरमंतरातील सम्राट यंत्राच्या शंकूची तिरपी कड सुमारे २७ अंशांवर ठेवण्यामागे हीच भूमिती आहे, कारण जयपूरचा अक्षांश तेवढाच आहे.

उभ्या भिंतींची गोष्ट अधिक अनपेक्षित आहे. दक्षिणेच्या भिंतीवर डिसेंबरमध्ये ८.९, म्हणजे सपाट गच्चीपेक्षाही जास्त ऊर्जा पडते. जूनच्या अयनदिनी मात्र हा आकडा शून्य असतो. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, म्हणजे सूर्याची क्रांती पुण्याच्या अक्षांशापेक्षा अधिक असते त्या संपूर्ण काळात, सूर्य दिवसभर पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेकडेच राहतो आणि दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन लागत नाही. याच काळात उत्तरेच्या भिंतीवर ऊन येते. जूनच्या अयनदिनी तिच्या वाट्याला ३.६ इतकी ऊर्जा येते. ‘उत्तरेकडून कधीच ऊन येत नाही’ ही समजूत कर्कवृत्ताच्या दक्षिणेला मे ते जुलै या काळात उघडपणे खोटी ठरते. कर्कवृत्ताच्या उत्तरेसही उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या भिंतीवर तिरपे ऊन येतेच.

पूर्व व पश्चिम भिंतींवर प्रत्येकी डिसेंबरमध्ये ४.२ आणि जूनमध्ये ५.३ इतकी ऊर्जा पडते. या भिंतींवरील ऊन उन्हाळ्यात कमी होण्याऐवजी वाढते. भूमितीने दोन्ही भिंती समान असल्या तरी पश्चिमेची खोली अधिक तापते, कारण तिच्यावर ऊन येते तेव्हा हवेचे तापमान दिवसातील कमाल पातळीच्या आसपास असते आणि इमारतीने सकाळपासून साठवलेली उष्णताही त्यात मिळते. तरीही उन्हाळ्यात प्रति चौरस मीटर सर्वाधिक ऊर्जा घेणारे पृष्ठ छतच असते. वरच्या मजल्यावरील घरे मे महिन्यात भट्टीसारखी तापतात, त्याचे मुख्य कारण भिंतींपेक्षा डोक्यावरच्या स्लॅबमध्ये शोधावे लागते.

एप्रिल-मे महिन्यांत पापड, कुरडया, सांडगे यांची वाळवणे गच्चीवर सपाट पसरली जातात, हे या भूमितीशी जुळणारे आहे. एप्रिलच्या मध्यास माध्यान्हीचा आपतन कोन सपाट पृष्ठासाठी नऊ अंशांहून कमी असतो, त्यामुळे खाट तिरकी करून फारसे काही साधत नाही.

अक्षांश वाढल्यावर होणारा बदल

अक्षांश वाढत जातो तशी कल व दिशेची किंमतही वाढते. लडाखमधील लेह सुमारे ३४ अंश उत्तरेस आहे. तेथे डिसेंबरच्या अयनदिनी सपाट पृष्ठावर वरील पद्धतीने ४.७ किलोवॅट-तास येतात, तर दक्षिणेच्या उभ्या भिंतीवर ९.८, म्हणजे दुपटीहून अधिक. जूनमध्ये स्थिती पूर्ण उलटी होते: सपाट पृष्ठावर ११.५ आणि दक्षिण भिंतीवर जेमतेम १.१. ज्या भिंतीला थंडीत भरपूर ऊन हवे व उन्हाळ्यात नको, तिला याहून अनुकूल भूमिती मिळणे कठीण. लडाखमधील हिवाळा कडक असला तरी हवा विरळ व कोरडी असल्याने थेट ऊन प्रखर असते. त्यामुळे दक्षिणेला काचेचे दर्शनी भाग किंवा काचेमागे जाड, गडद रंगाची भिंत असलेली ‘ट्रॉम्ब भिंत’ यांचा वापर करून तेथे अनेक इमारती इंधनाशिवाय उबदार ठेवल्या जातात. हीच रचना मुंबईत केल्यास निष्कारण उकाडा वाढेल.

विषुववृत्तावर सूर्य सहा महिने उत्तरेकडे व सहा महिने दक्षिणेकडे असतो, त्यामुळे वर्षभराच्या बेरजेसाठी सपाट पृष्ठच उत्तम ठरते. दक्षिण गोलार्धात सर्व दिशा उलट होतात; ऑस्ट्रेलियातील घरांच्या जाहिरातींत उत्तराभिमुख दिवाणखाना हे गुणविशेष म्हणून सांगितले जाते ते यामुळेच.

ढग, विसरित प्रकाश आणि पावसाळा

जमिनीवरील पृष्ठाला तीन मार्गांनी प्रकाश मिळतो: थेट सूर्यकिरण, आकाशातून सर्व बाजूंनी येणारा विसरित प्रकाश आणि जमिनीवरून किंवा शेजारच्या भिंतींवरून परावर्तित होणारा प्रकाश. कोसाइनचे वरील गणित केवळ पहिल्या भागाला लागू पडते. विसरित प्रकाशासाठी पृष्ठाला आकाशाचा किती भाग ‘दिसतो’ हे महत्त्वाचे असते. सपाट पृष्ठाला संपूर्ण आकाश दिसते, उभ्या भिंतीला निम्मे. २० अंश कलत्या पॅनेलला सुमारे ९७ टक्के आकाश दिसत असल्याने त्याचे नुकसान नगण्य असते. परावर्तित प्रकाशाचा हिस्सा सामान्य जमिनीवर लहान असतो, कारण अशी जमीन पडलेल्या प्रकाशाचा साधारण पाचवा भाग परत पाठवते. ताजे हिम मात्र त्याच्या कित्येक पट प्रकाश परतवते. या तीन भागांची बेरीज करण्याची सोपी पद्धत लियू आणि जॉर्डन यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी मांडली. तिच्यात आकाश सर्वत्र सारखेच उजळ मानले जाते. सूर्याभोवतीचा व क्षितिजाजवळचा भाग अधिक उजळ असतो हे लक्षात घेणारी प्रतिमाने पुढे विकसित झाली.

आकाश ढगाळ असते त्या काळात दिशेला फारसा अर्थ उरत नाही. महाराष्ट्रात याचा एक महत्त्वाचा परिणाम होतो. ज्या जून-जुलैमध्ये कललेल्या पॅनेलचे भूमितीय नुकसान सर्वाधिक असायला हवे, नेमक्या त्याच महिन्यांत मोसमी ढगांमुळे थेट ऊन कमी असते. याउलट नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश निरभ्र असते व त्या काळात दक्षिणेकडील कलाचा पुरेपूर लाभ मिळतो. त्यामुळे राज्यात वार्षिक उत्पादनासाठी योग्य कल अक्षांशाइतका किंवा त्याहून किंचित अधिक येतो. जर्मनीसारख्या देशांत ढगाळ ऋतू हिवाळ्यात असल्याने ऊर्जेचा मोठा भाग उन्हाळ्यात, उंच सूर्यापासून मिळतो. तेथे योग्य कल अक्षांशापेक्षा बराच कमी असतो. एकच नियम दोन हवामानांत विरुद्ध दिशांना वाकतो तो असा.

सौर पॅनेलांची मांडणी

पॅनेलचा कल जितका कमी, तितके त्याच्या दिशेचे महत्त्वही कमी. पूर्ण सपाट पॅनेलला दिशाच नसते. त्यामुळे महाराष्ट्राच्या अक्षांशावर दक्षिणेपासून दहा-पंधरा अंश वळलेल्या छतामुळे वार्षिक उत्पादन फारसे घटत नाही आणि केवळ दिशा साधण्यासाठी इमारतीशी विजोड सांगाडा उभारणे सहसा परवडत नाही. हाच प्रयत्न जवळची पाण्याची टाकी, जिन्याची खोली किंवा शेजारची इमारत यांची सावली टाळण्यावर खर्च करणे अधिक फायद्याचे ठरते. पॅनेलमधील घट एकसरीत जोडलेले असल्याने थोडीशी सावलीही उत्पादनात मोठी घट आणू शकते.

पूर्ण सपाट पॅनेलवर मात्र धूळ साचते व पावसाचे पाणी थांबते, त्यामुळे किमान काही अंशांचा कल ठेवला जातो. फार मोठा कल दिल्यास वाऱ्याचा जोर वाढतो आणि पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर पडू नये म्हणून रांगांमधील अंतर वाढवावे लागते. पुण्यात डिसेंबरच्या माध्यान्ही सावलीची लांबी वस्तूच्या उंचीच्या ०.९ पट असते, सकाळी व संध्याकाळी ती कितीतरी अधिक असते. गच्ची लहान असेल तर कमी कलाची दाट मांडणी एकूण जास्त वीज देते, जरी प्रत्येक पॅनेलचे उत्पादन थोडे कमी असले तरी.

कधी वीज हवी आहे, यावरही निवड अवलंबून असते. पश्चिमाभिमुख पॅनेलचे एकूण उत्पादन दक्षिणाभिमुख पॅनेलपेक्षा कमी असते, पण ते दुपारनंतरच्या मागणीच्या अधिक जवळ येते. मोठ्या प्रकल्पांत उत्तर-दक्षिण आसाभोवती पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरणारे अनुसरक वापरले जातात. सूर्य माध्यान्ही उंच असणाऱ्या कमी अक्षांशांवर ते विशेष परिणामकारक ठरतात. दोन्ही बाजूंनी प्रकाश ग्रहण करणारी पॅनेले पूर्व-पश्चिम तोंड करून उभीही बसवता येतात. त्यांचे उत्पादन सकाळी व सायंकाळी अशा दोन शिखरांत येते.

इमारतींतील उपयोग

दक्षिणेच्या खिडकीवरील आडवा छज्जा हा सर्वांत साधा ऋतुनियंत्रक होय. पुण्याच्या अक्षांशावर ६० सेंटिमीटर बाहेर आलेला छज्जा संपात दिनी माध्यान्ही आपल्याखाली सुमारे १.८ मीटर सावली देतो, म्हणजे सामान्य खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरमध्ये तीच सावली ६७ सेंटिमीटरपर्यंत आखडते आणि खालच्या भागातून ऊन आत येते. कोणताही भाग न हलवता ऋतूप्रमाणे उघडझाप साधते.

पूर्व आणि पश्चिम खिडक्यांना हा उपाय लागू पडत नाही. तेथे सूर्य समोर व खाली असल्याने किरण छज्ज्याच्या खालून आत शिरतात. त्यासाठी उभ्या पट्ट्या, जाळ्या, झडपा, झाडे किंवा खोल ओसरी लागते. कोकणातील घरांच्या पडव्या प्रामुख्याने पावसाच्या माऱ्यासाठी असल्या तरी भिंतीवर तिरपे ऊन येऊ न देण्याचे कामही त्या करतात. मुंबईत समुद्रावरील वारा पश्चिमेकडून येतो आणि समुद्राचे दृश्यही तिकडेच असते, परंतु दुपारचे ऊन व पाऊसही त्याच बाजूने येतात. चार्ल्स कोरिया यांनी कांचनजंगा (१९८३) या उंच इमारतीत पूर्व-पश्चिम दिशा स्वीकारून हा पेच दुमजली उंचीच्या खोल बाग-गच्च्यांनी सोडवला. राहत्या खोल्या ऊन-पावसापासून आत सरकल्या आणि वारा मात्र आरपार राहिला.

डोंगरउतार

निसर्गातील उतारही याच नियमाने तापतात. पश्चिम हिमालयात दक्षिणाभिमुख उतारांवरील हिम लवकर वितळते, माती कोरडी पडते व गवताळ किंवा विरळ झाडी दिसते, तर समोरच्या उत्तराभिमुख उतारावर ओलावा टिकून दाट वन वाढते. सह्याद्रीत अक्षांश कमी असल्याने हा फरक सौम्य आहे. तेथील वनस्पतींवर उन्हाच्या दिशेपेक्षा पावसाच्या दिशेचा, म्हणजे घाटमाथ्याच्या पश्चिमेच्या व पूर्वेच्या बाजूंमधील फरकाचा, प्रभाव कितीतरी अधिक आहे.

उच्च अक्षांशांवर उताराची दिशा वस्तीचे जीवनच ठरवते. नॉर्वेतील र्‍युकान हे गाव सुमारे ६० अंश उत्तरेस एका खोल, पूर्व-पश्चिम दरीत आहे. डिसेंबरमध्ये तेथील माध्यान्हीचा सूर्य क्षितिजावर सात अंशांहूनही कमी चढतो आणि दक्षिणेकडील डोंगराआड राहतो. साधारण सप्टेंबरअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत गावात थेट ऊन पोहोचत नाही. २०१३ मध्ये डोंगरावर संगणकनियंत्रित तीन मोठे आरसे बसवण्यात आले. सूर्याच्या गतीनुसार आपला कल व दिशा बदलत ते गावच्या चौकावर उन्हाचा एक तुकडा पाडतात.